शेजारचा ट्रान्समीटर आणि आपला रिसीव्हर

हॅम रेडिओचे स्टेशन वाढू लागले की गच्चीवर दुसरी अँटेना येतेच. एकीवरून बोलायचे, दुसरीवरून ऐकायचे. पण शेजारी १०० वॅटचा ट्रान्समीटर सुरू झाला की ऐकणाऱ्या अँटेनावर काय येते? थोडे गणित करू.

समजा, ट्रान्समीटरच्या पॉवरचा हजारावा भाग, म्हणजे ३० डीबी कमी, दुसऱ्या अँटेनात शिरतो. झाले ०.१ वॅट. फार वाटत नाही ना? पण ५० ओहमवर याचे २.२ व्होल्ट आरएमएस होतात. एचएफवर एस-९ हा जोरदार सिग्नल मानतात, तो असतो फक्त ५० मायक्रोव्होल्ट. म्हणजे सुमारे ४५,००० पट! रिसीव्हर बंद ठेवला तरी सुटका नाही, कारण अँटेना जोडलेलीच असते. पहिला ट्रान्झिस्टर अर्धवट बिघडला तर सेट बंद पडत नाही, नुसता बहिरा होतो. मग आपण हवामानाला दोष देत बसतो!

सर्वात स्वस्त उपाय म्हणजे रिसीव्हरच्या इनपुटवर ग्राऊंडला उलटसुलट जोडलेले दोन १एन४१४८ डायोड. साधारण ०.७ व्होल्टला ते कंडक्ट करतात आणि वरचा भाग छाटतात. आपल्या उदाहरणात १०० मिलिवॅटचे जेमतेम ५ मिलिवॅट उरतात. पण डायोड नॉनलिनिअर आहे. जवळच्या मीडियम वेव्ह केंद्राचे जोरदार सिग्नल त्यात एकमेकांत मिसळतात आणि बँडवर नसलेली 'भुते' ऐकू येतात. म्हणून डायोडच्या आधी बँडपास फिल्टर हवा. अर्थात ट्रान्समीटर त्याच बँडवर असेल तर फिल्टर काय करणार?

तिथे रिले लागतो. ट्रान्समिट करताना त्याने रिसीव्हर अँटेनापासून तोडून इनपुट ग्राऊंड करायचे. दोन गोष्टी विसरू नका. रिलेला हलायला काही मिलिसेकंद लागतात, म्हणून आधी रिले, मग आरएफ. आणि कॉइलला सप्लाय नसताना रिसीव्हर तुटलेलाच राहील अशी जोडणी करा. वीज गेली तरी संरक्षण कायम!

थोडक्यात क्रम असा: अँटेनात शक्य तितके अंतर, मग रिले, मग फिल्टर आणि सर्वात शेवटी डायोड. डायोड हा वॉचमन आहे. म्हणून कुंपण घालायचेच नाही, असे नव्हे.