पाहुणा की घरचा?

मागच्या दिवाळीत मनाली केली. चार दिवस, सात पॉइंट, ढीगभर फोटो. बोललो फक्त वेटरशी!

यंदा श्रावणात धुळे जिल्ह्यातल्या रूममेटच्या गावी आठ दिवस राहिलो. "हाऊ मना दोस्त शे," त्याने ओळख करून दिली. मी पडलो कॉन्व्हेंटवाला. वाटलं, दोस्तीला मनाई आहे! अहिराणीत 'मना' म्हणजे माझा. सगळं घर हसलं. ट्रिपमध्ये आपलं असं काही चुकत नाही, कारण कोणी चुकूच देत नाही.

नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसली, रात्रभर गाणी झाली. रोट मात्र भाऊबंदांनाच देतात. मला मिळाला नाही. खरं सांगतो, वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी आजीने मला चुलीपुढे बसवलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापली, ती तव्यावर टाकताना फाटली. ती तिनेच खाल्ली.