बुडालेले जीव आणि आपली जीभ

जून २०२३ मधील गोष्ट आहे. पाऊस लांबला होता आणि ढाणकीच्या शिवारात पेरण्या खोळंबल्या होत्या. जिलहिज्जाचा महिना नुकताच लागला होता. ज्या दहा दिवसांतील सत्कर्मे अल्लाहला विशेष प्रिय असल्याचे प्रेषितांनी (सल्ल.) सांगितले आहे, तेच हे दिवस. शुक्रवारी असरच्या नमाजनंतर मशिदीच्या ओट्यावर काही तरुण एका मोबाईलभोवती जमले होते. अटलांटिक महासागरात बुडालेल्या पाच श्रीमंतांवरचा एक विनोद त्यावर आला होता. एकाने तो मला दाखवला. विनोद चतुर होता आणि मला हसू आले, हे मी कबूल करतो.

बाजूला मगरिबची वाट पाहत बसलेल्या एका वृद्ध चाचांनी विचारले, "मौलाना, त्यात एक पोरगा होता म्हणतात. किती वर्षांचा होता?"

"एकोणीस," मी म्हणालो.

चाचांचा धाकटा मुलगा अनेक वर्षांपूर्वी पैनगंगेत पोहायला गेला आणि परतला नाही, हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. ते पुढे काहीच बोलले नाहीत. काठी घेऊन उठले आणि घरी गेले.

समुद्र आमच्या गावापासून शेकडो कोस दूर आहे; पण बुडालेल्याचे घर कोठेही असू शकते, हे मला त्या दिवशी कळले. हा लेख म्हणजे माझ्या त्या हसण्याचा हिशेब आहे. वाचकांनी आपापला हिशेबही त्यासोबत तपासावा.

काय घडले होते?

१८ जून २०२३ रोजी 'टायटन' नावाचे एक लहान जलयान पाच माणसांना घेऊन उत्तर अटलांटिक महासागरात खाली निघाले. १९१२ साली बुडालेल्या 'टायटॅनिक' जहाजाचे अवशेष सुमारे ३,८०० मीटर खोलीवर आहेत, ते पाहायचे होते. नौदलाची पाणबुडी आपल्या बळावर बंदरातून निघते व परतते. हे यान मात्र एका मोठ्या जहाजावरून सोडले जाई आणि त्याच जहाजावर परत घेतले जाई. त्या खोलीवर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३८० किलो इतका पाण्याचा दाब असतो. पावणेदोन तासांनी यानाशी संपर्क तुटला. २२ जून रोजी त्याचे तुकडे 'टायटॅनिक'जवळ समुद्रतळाशी सापडले. दाबाने यान क्षणार्धात चिरडले गेले होते.

मृतांत यान बनवणाऱ्या कंपनीचे प्रमुख स्टॉकटन रश, फ्रेंच पाणबुडे पॉल-आंरी नार्जोले, ब्रिटिश उद्योजक हॅमिश हार्डिंग, आणि पाकिस्तानी वंशाचे उद्योजक शहजादा दाऊद व त्यांचा मुलगा सुलेमान हे होते. एका जागेचे मोल अडीच लाख डॉलर होते.

त्या चार दिवसांत जगाने काय केले? वाहिन्यांनी प्राणवायूचे किती तास उरले, याची उलटी मोजणी दाखवली. लोकांनी त्यावर अंदाज बांधले, चित्रे बनवली, विनोद रचले. पुढे अमेरिकन नौदलाने सांगितले की, स्फोटासारखा आवाज त्यांच्या यंत्रणेने १८ तारखेलाच टिपला होता. म्हणजे ज्यांचे श्वास जग मोजत होते, त्यांचा हिशेब केव्हाच अल्लाहच्या दरबारी सुरू झाला होता. आपण कोणत्या भूमीत मरणार, हे कोणताही जीव जाणत नाही, असे सूरह लुकमानच्या अखेरच्या आयतीत सांगितले आहे. त्या आयतीचा अर्थ याहून ठळकपणे समोर येणे कठीण.

पहिली प्रतिक्रिया : थट्टा

"पैसा जास्त झाला की असेच होते," हे वाक्य तेव्हा आपल्याकडेही पुष्कळ ऐकू आले. काहींनी कारूनचा दाखला दिला. कारूनला त्याच्या खजिन्यासह धरतीने गिळले, ही हकिकत सूरह कससमध्ये आहे. पण त्या हकिकतीचा शेवट किती जणांनी वाचला? काल ज्यांना कारूनच्या जागी असावेसे वाटत होते, ते त्याचा अंत पाहून हसले नाहीत. ते स्वतःसाठी घाबरले. अल्लाहची कृपा नसती तर धरतीने आपल्यालाही गिळले असते, असे ते बोलू लागले (२८:८२). कुरआनने दाखवलेले प्रेक्षक दुसऱ्याचा अंत पाहून स्वतःकडे वळतात. आपण मात्र मोबाईलकडे वळलो.

शिवाय कारूनविषयी निवाडा स्वतः अल्लाहने दिला आहे. त्या पाच जणांविषयी आपल्याकडे कोणती वही आली आहे?

सूरह हुजुरातची अकरावी आयत एका समूहाला दुसऱ्या समूहाची टर उडवण्यास मनाई करते आणि त्याचे कारणही देते : ज्यांची टर उडवली जाते, ते कदाचित उडवणाऱ्यांपेक्षा चांगले असतील. या आदेशात श्रीमंतांचा अपवाद नाही. मृतांबाबत तर आदेश अधिकच स्पष्ट आहे. हजरत आयशा (रजि.) यांच्या कथनानुसार प्रेषितांनी (सल्ल.) मृतांना शिवीगाळ करण्यास मनाई केली, कारण त्यांनी पुढे पाठवलेल्या कर्मांपर्यंत ते पोहोचलेले असतात (बुखारी).

मृत मुस्लिम नसेल तर? बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हा प्रसंग आहे. एक प्रेतयात्रा जाताना पाहून प्रेषित (सल्ल.) उठून उभे राहिले. ती एका यहुदी माणसाची आहे, असे त्यांना सांगण्यात आले. तोही एक जीवच नव्हता काय, अशा आशयाचा प्रश्न त्यांनी उलट विचारला. आपल्या गावात सर्व धर्मांची माणसे शेजारी नांदतात. ही हदीस आपल्या घरात मुलांना पाठ असायला हवी.

दुसरी प्रतिक्रिया : निवाडा

दोन मृत मुस्लिम असल्याने आपल्या गटांत वेगळाच वाद रंगला. कोणी म्हणाले, ही आत्महत्याच. कोणी म्हणाले, बुडालेला शहीद असतो, विषय संपला. दोन्ही बाजूंना निवाड्याची घाई झाली होती.

शरीअतची बाजू अशी आहे. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्या प्रसिद्ध हदीसमध्ये शहिदांचे पाच प्रकार आले असून पाण्यात बुडून मरण पावलेला त्यांपैकी एक आहे (बुखारी, मुस्लिम). ही शहादत आखिरतच्या सवाबाची आहे. म्हणून अशा मृताला गुस्ल, कफन व जनाजाची नमाज इतरांप्रमाणेच दिली जाते. मृतदेहच हाती लागला नाही, तर हनफी मतानुसार गैरहजर मृताची जनाजाची नमाज नाही. आपल्या कोकणातील शाफई बांधवांच्या मतानुसार ती अदा करता येते. मगफिरतची दुआ मात्र सर्वांच्या मते करता येते व करावी.

जाणूनबुजून मृत्यूच्या दाढेत जाणे निषिद्धच आहे. स्वतःच्या हातांनी स्वतःला विनाशात लोटू नये, हे सूरह बकरा (२:१९५) सांगते. पण कोणाला धोका किती ठाऊक होता, त्याला काय सांगण्यात आले होते आणि मनात काय होते, हे अल्लाह जाणतो. सुलेमानचेच उदाहरण घ्या. तो भेदरलेला होता, केवळ वडिलांच्या आग्रहाखातर गेला, अशी बातमी आधी जगभर फिरली. नंतर त्याच्या आईने सांगितले की, त्याला जायची उत्सुकता होती आणि तिने स्वतःची जागा त्याला दिली होती. ती माता त्या वेळी समुद्रावर, मोठ्या जहाजात होती. पहिल्या बातमीवर आपण त्या बापाला किती बोल लावले! बातमीची शहानिशा करण्याचा आदेश (४९:६) आणि ज्याचे ज्ञान नाही त्याच्या मागे न लागण्याचा आदेश (१७:३६) अशाच वेळेसाठी आहेत.

तिसरी प्रतिक्रिया : तुलना

याच्या चारच दिवस आधी, १४ जून २०२३ रोजी, ग्रीसच्या किनाऱ्याजवळ स्थलांतरितांनी खचाखच भरलेली एक नौका बुडाली होती. अंदाजे ७५० माणसांपैकी १०४ वाचली. पाच श्रीमंतांसाठी विमाने व जहाजे धावली, या शेकडो गरिबांची मात्र तितकी चर्चा झाली नाही, असा प्रश्न अनेकांनी विचारला. प्रश्न योग्य होता. मात्र तो विचारणाऱ्यांपैकी कित्येकांनी गरिबांसाठी दुआ केली नाही; श्रीमंतांवर हसण्याला तो केवळ आधार झाला.

आपलाच हिशेब पाहू. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळात मुंबईजवळच्या समुद्रात 'पी-३०५' हा तराफा बुडाला. तेलक्षेत्रावर काम करणारी २६१ माणसे त्यावर होती. खवळलेल्या समुद्रातून नौदलाने त्यांपैकी १८६ जणांना वाचवले. बाकीचे परतले नाहीत. वादळाची सूचना आधीच मिळालेली होती. ही आपल्या राज्याच्या दारातली घटना. आज आपल्यापैकी किती जणांना तो तराफा आठवतो? 'टायटन'चे नाव मात्र शाळकरी मुलांनाही पाठ आहे. सूरह कहफमध्ये हजरत मूसा (अलै.) यांच्या प्रवासातील नौकेचे मालक कोण होते, हे अल्लाहने मुद्दाम सांगितले : समुद्रावर राबणारी गरीब माणसे (१८:७९). अल्लाहच्या ग्रंथात त्यांची नोंद आहे. आपल्या स्मरणात का नसावी?

न्याय करताना समोरचा श्रीमंत आहे की गरीब, हे पाहू नये, अशी शिकवण सूरह निसाची आयत १३५ देते. श्रीमंताच्या मृत्यूवर हसणे आणि गरिबाचा मृत्यू विसरणे, दोन्हींत माणसाचे मोल पैशाने केले जाते.

मग चूक सांगायचीच नाही काय?

सांगायची. किंबहुना न सांगणे हीच खियानत ठरेल. इमाम नववी (रह.) यांनी 'रियाजुस्सालिहीन'मध्ये ज्या सहा प्रसंगी कोणाचा दोष सांगणे वैध ठरते ते दिले आहेत, लोकांना हानीपासून सावध करणे हा त्यांपैकी एक. 'टायटन' बनवणाऱ्या कंपनीतील एका अधिकाऱ्याने २०१८ मध्येच धोके लेखी मांडले होते. त्याची नोकरी गेली. अमेरिकी तटरक्षक दलाच्या चौकशी मंडळाने ऑगस्ट २०२५ च्या अहवालात, हा अपघात टाळता आला असता, असा निष्कर्ष दिला. हे बोलणे मृतांची निंदा नाही. त्यामुळे पुढचे जीव वाचतात.

उंट आधी बांधावा, मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण तिर्मिजीत आहे. समुद्र खवळलेला असताना त्यावर स्वार होणाऱ्याच्या रक्षणाची हमी उरत नाही, असा इशारा इमाम बुखारी (रह.) यांच्या 'अल-अदबुल मुफरद'मध्ये आला आहे. इतिहासग्रंथांत नोंद आहे की, सागरी मोहिमेची परवानगी मागितली गेली तेव्हा हजरत उमर (रजि.) यांनी लोकांच्या जिवाची काळजी करून ती नाकारली. पुढे हजरत उस्मान (रजि.) यांनी दिली, ती कोणावरही सक्ती न करण्याच्या अटीवर. दुसऱ्याला पाण्यात नेणाऱ्यावर केवढी अमानत असते, हे त्यांना ठाऊक होते.

ही गोष्ट महासागरापुरती नाही. २८ सप्टेंबर २०२१ रोजी आपल्याच उमरखेड तालुक्यात, दहागावच्या नाल्यावर, पुलावरून पाणी वाहत असताना नांदेडहून नागपूरला निघालेली एसटी बस वाहून गेली आणि त्यातील काही जीव परतले नाहीत. त्या दृश्याची चित्रफीत दुपारपर्यंत घरोघर पोहोचली होती. पुलावर पाणी असताना थांबावे, हे शंभर वेळा सांगावे. जुम्याच्या बयानातही सांगावे. पण तीच चित्रफीत हसण्याच्या चिन्हासह पुढे पाठवणाऱ्याने कोणता जीव वाचवला?

दोहोंतील फरक ओळखण्याची एक साधी कसोटी आहे. आपले वाक्य मृताच्या आईसमोर उच्चारता येईल काय? चूक सांगणारे वाक्य जड मनाने का होईना, उच्चारता येते. थट्टेचे येत नाही.

घरातील धडा

अपघाताची बातमी येईल तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांनी मुलांसमोर चार गोष्टी पाळाव्यात. पहिली, बातमी ऐकताच 'इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन' म्हणावे. मृत मुस्लिम नसल्यास त्याच्या घरच्यांच्या दुःखाचा आदर ठेवावा, शेजारी असेल तर भेटीस जावे. दुसरी, मृत्यूचे दृश्य पुढे पाठवू नये. तिसरी, कारण समजल्यावर मुलांना सावधगिरी शिकवावी : पूर, विहीर, धरण, वीज. चौथी, त्या आठवड्यात आणखी कोणते गरीब जीव गेले, याची विचारपूस करावी आणि जमेल ती मदत त्या घरी पोहोचवावी.

दुसऱ्या दिवशी फज्रनंतर मी चाचांच्या घरी गेलो आणि माफी मागितली. त्यांनी आत चहा ठेवायला सांगितले. मग म्हणाले, "मौलाना, माझ्या पोराच्या वेळीही लोक म्हणायचे, कशाला मेला नदीत? खरंच होतं ते. पण म्हणणाऱ्यांपैकी दुआ करणारे किती होते, ते मला आजही मोजून सांगता येतात."

आम्ही दोघांनी त्यांच्या मुलासाठी हात उचलले. आणि त्या एकोणीस वर्षांच्या मुलासाठीही.

हे अल्लाह, आमच्या जिभांना मृतांच्या इज्जतीची राखण करण्याची तौफीक दे, समुद्रावर व नदीकाठी राबणाऱ्यांचे रक्षण कर, आणि आमचा अंत ईमानावर कर. आमीन.