बीज आणि जमीन : स्तनातील संयोजी ऊतकाचा परिचय

स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले की आप्तांचे सारे लक्ष गाठीकडे लागते. परंतु गाठीभोवतीचे ऊतकही तितकेच महत्त्वाचे असते. लंडनचे शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये या रोगाच्या ७३५ मृत रुग्णांच्या नोंदी अभ्यासून, कर्करोगाचे बीज शरीरात पसरताना अनुकूल जमिनीतच रुजते, असा विचार मांडला. पुढे तोच विचार गाठीच्या परिसरालाही लावण्यात आला.

स्तनातील दुग्धनलिकांना संयोजी ऊतकाचा आधार असतो. त्यातील तंतुपेशी कोलॅजनसारखी प्रथिने निर्माण करतात. कोणते जनुक केव्हा व किती कार्यरत होते, यास जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात. हिशेबाच्या भाषेत, जनुकाचा संदेश ही मंजूर रक्कम, तर प्रथिन हा प्रत्यक्ष खर्च. मंजुरीवरून खर्च निश्चित कळत नाही. म्हणून दोन्ही स्वतंत्रपणे मोजावी लागतात.

अमेरिकेतील २००४ च्या एका अभ्यासात जनुकीय बिघाड केवळ कर्कपेशींत आढळला. अभिव्यक्ती मात्र भोवतालच्या पेशींतही बदललेली होती. २००५ मध्ये ओरिमो, वाइनबर्ग व सहकाऱ्यांनी गाठीतील तंतुपेशींची तुलना त्याच स्तनातील दूरच्या तंतुपेशींशी केली. गाठीतील तंतुपेशी एसडीएफ-१ हे प्रथिन अधिक स्रवत होत्या आणि त्यामुळे उंदरांतील गाठींची वाढ व नव्या रक्तवाहिन्यांची निर्मिती यांस चालना मिळत होती.

तंतुपेशींवरील औषध नेहमीच्या उपचारांत अद्याप आलेले नाही. तसा दावा कोणी केल्यास आप्तांनी सावध राहावे. मात्र प्रथिनांची मोजणी आजही उपचारांची दिशा ठरविते. ईआर, पीआर व हर-टू या कर्कपेशींवरील तपासण्या प्रथिनांच्याच होत. त्यासाठी काढलेला तुकडा एका तासाच्या आत फॉर्मेलिनमध्ये ठेवावा लागतो आणि तेथे ६ ते ७२ तास राहावा लागतो. विलंब झाल्यास प्रथिने नष्ट होऊन अहवाल चुकू शकतो व योग्य औषध हुकू शकते.

म्हणून आप्तांना आमची विनंती आहे की, काढलेली कोणतीही गाठ तपासणीविना टाकू देऊ नये. अहवाल व मेणातील नमुना-ठोकळा यांची नोंद जपावी. देणगीदारांनीही हे ध्यानी घ्यावे की, शस्त्रक्रियागृहास दिलेल्या दानाचे चीज विकृतिशास्त्र प्रयोगशाळेतील अचूक कामानेच होते.