दुकानात ठेवलेल्या छायाचित्रांची किंमत कशी ठरवावी?

प्रश्न : साताऱ्यात आम्ही काही कलाकार मिळून एक छोटं दुकान चालवतो. कास पठारावरच्या फुलांच्या माझ्या छायाचित्रांचे प्रिंट तिथे विकायचे आहेत. किंमत आणि अटी कशा ठरवू?

उत्तर : आधी खर्च मांडा. छपाई, माउंट आणि वेष्टन मिळून ५०० रुपये आणि तुमचा मोबदला २०० रुपये धरला, तर ७०० रुपये तुमच्या हाती पडायला हवेत. दुकानाचा वाटा विक्रीकिमतीच्या ३० टक्के असेल, तर ७०० ला ०.७ ने भागा. किंमत १००० रुपये येते. ७०० वर ३० टक्के चढवले, तर ९१० होतात आणि दुकानाचा वाटा वजा जाता हाती ६३७ च उरतात.

माल विक्रीसाठी ठेवताना यादी करून तुम्ही आणि दुकानाच्या वतीने एकाने सह्या करा. पैसे कधी मिळणार आणि प्रिंट खराब झाल्यास भरपाई कोण देणार, हे त्यात लिहा. प्रिंट विकला तरी छायाचित्राचा कॉपीराइट तुमच्याकडेच राहतो; तेही नमूद करा.

छपाई आम्लमुक्त कागदावर, पिगमेंट शाईने करून घ्या. साताऱ्याच्या पावसाळ्यात बुरशी लवकर धरते, म्हणून प्रिंट भिंतीला टेकवून ठेवू नका. सुरुवात ए४ आकारापासून करा. पर्यटकाला तो सहज नेता येतो. मागच्या बाजूला फुलाचं स्थानिक नाव आणि छायाचित्राचं वर्ष जरूर लिहा. घेणाऱ्याला आपण काय नेतोय, हे कळलंच पाहिजे.