लाल चावी आणि काळी चावी

॥ श्री ॥

रॉयल ओक, मिशिगन

चि. बाळ यास मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. वापरलेली पण उत्तम राखलेली डॉज चॅलेंजर हेलकॅट तू पाहून आलास, विक्रेत्याने बयाणा मागितला, आणि तो देण्यापूर्वी मामाचा अभिप्राय घ्यावा असे तुला वाटले, याचे मला फार समाधान वाटले. तुझ्या वयाची मुले असले सौदे आधी करतात आणि वडीलधाऱ्यांना मागाहून कळवतात. ‘खरी मसल कार जुनीच, नवी म्हणजे नुसता संगणक, असे तुम्हीच म्हणत होता, मग मी काय घेऊ?’ असे तू विचारतोस. तसे मी पूर्वी म्हणत असे, हे खरे. परंतु पन्नासांहून अधिक वर्षे या गाड्यांच्या सान्निध्यात काढल्यावर माझे ते मत राहिलेले नाही, आणि ते का पालटले हे तुला सविस्तर कळावे म्हणून हे पत्र थोडे लांबवतो.

मी १९६९ साली पुण्याहून डेट्रॉइटला आलो तेव्हा वुडवर्ड ॲव्हेन्यूवर शनिवारी रात्री जो गडगडाट चाले, तो ऐकल्यावाचून या गाड्यांविषयीची माझी माया तुला पुरती उमगणार नाही. एका सिग्नलपासून पुढच्या सिग्नलपर्यंत शर्यत लागे, आणि तीत धावणाऱ्या गाड्या श्रीमंतांच्या नसत, तर कारखान्यात पाळी करणाऱ्या मजुरांच्या पोरांच्या असत, हे मला त्या वयात फार विलक्षण वाटले. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांहून मोठे इंजिन बसवू नये असा जनरल मोटर्सचा दंडक असताना, पाँटिॲक विभागातील जॉन डिलोरियन आणि त्यांचे सहकारी यांनी १९६४ च्या टेम्पेस्ट गाडीत ३८९ घन इंचांचे इंजिन बसवले, आणि ही काही निराळी गाडी नव्हे, ग्राहकाने मागितल्यास मिळणारी जादा सामग्री आहे, अशी कागदोपत्री तजवीज करून त्या दंडकातून वाट काढली. तीच जीटीओ. पहिल्या वर्षी तसल्या ३२,४५० गाड्या खपल्या आणि मग प्रत्येक कंपनीला तसलीच गाडी काढणे भाग पडले. हा बहर दहा वर्षेही टिकला नाही. विमा कंपन्यांनी तरुणांवर जबर हप्ते बसवले, १९७० चा हवाशुद्धीचा कायदा आला, आणि १९७३ च्या ऑक्टोबरात अरबांनी तेल रोखले तेव्हा या गाड्या लोकांना दारात नकोशा झाल्या. म्हणूनच तर १९७४ साली माझ्यासारख्या नवख्या नोकरदाराला १९६६ ची जीटीओ कवडीमोलाने मिळाली.

त्या सौद्यात मी फसलो, तेही सांगून ठेवतो. इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते मीठ पत्रा खाते. मागच्या चाकांवरचा पत्रा असाच खाल्लेला होता आणि विकणाऱ्याने तो लांबी भरून, वर झकास रंग मारून लपवला होता. एखादे लहानसे लोहचुंबक खिशात असते तर ते तिथे चिकटले नसते आणि मला दोन मिनिटांत सारे कळले असते.

पण त्याच गाडीने मला शिकवले. तिच्या डिस्ट्रिब्यूटरच्या टोपणाला नखाएवढी सरकती खिडकी आहे. इंजिन चालू ठेवून त्या खिडकीतून ॲलन की आत घालायची, पॉइंटचा, म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या संपर्काचा, स्क्रू हळूहळू उजवीकडे फिरवायचा, इंजिन अडखळू लागले की तिथेच थांबायचे आणि अर्धा फेरा उलट यायचे. इतके केले की पॉइंट मिटलेले राहण्याचा कोन मीटरवर तीस अंशांच्या आसपास येतो. हे काम कानाने करायचे असते. ज्या माणसाने आपल्या हाताने शंभर वेळा ते इंजिन अडखळवले आणि पुन्हा सावरले, त्याला पुढे रस्त्यावर त्याचा प्रत्येक उसासा ओळखू येतो. त्या गाडीच्या चारही चाकांना साडेनऊ इंचांचे ड्रम ब्रेक, आणि गाडीचे वजन सुमारे साडेतीन हजार पौंड. १९७५ च्या उन्हाळ्यात पेनसिल्व्हेनियातील ॲलेगेनीचा लांब उतार उतरताना, तुझी मामी शेजारी बसलेली असताना, पाय पूर्ण दाबूनही गाडी आवरेना. लाइनिंग जळाल्याचा वास आला, स्टीअरिंग थरथरू लागले, आणि मी गिअर तिसऱ्यातून दुसऱ्यात ओढून, इंजिनाच्या जोरावर कसाबसा वेग मोडून गाडी कडेला घेतली. मामी काही बोलली नाही. तिने फक्त माझ्या मनगटावर हात ठेवला. त्या हाताचा गारवा मला अजून आठवतो.

आता तुझ्या गाडीकडे वळतो. जुन्यांचे भक्त तिला नावे ठेवतात, त्यांच्यात तू सामील होऊ नकोस, कारण ते अन्यायाचे आहे. माझ्या जीटीओच्या कागदावर ३३५ अश्वशक्ती लिहिली होती. पण त्या काळचा शिरस्ता असा की इंजिन उघडे बाकावर ठेवून, पंखा आणि एक्झॉस्टचे ओझे काढून शक्ती मोजायची. १९७२ पासून गाडीत बसवलेल्या स्थितीतली निव्वळ शक्ती सांगण्याची पद्धत रूढ झाली, आणि जुने आकडे मोठे का दिसत हे सर्वांना उमगले. हेलकॅटचे ७०७ हे निव्वळ आहेत. पुढच्या चाकांना १५.४ इंचांच्या डिस्क आहेत. त्या उतारावर ती गाडी असती तर मामीला माझ्या मनगटावर हात ठेवावा लागला नसता. गाडी घसरू लागताच संगणक एकेका चाकाचा ब्रेक निरनिराळा लावतो आणि तिला सरळ करतो, हे मला तरी उपकारच वाटतात.

मग माझी काळजी कशाची? गेल्या वर्षी एका स्नेह्याने मला आपली हेलकॅट चालवायला दिली. आय-७५ वर चढलो, गप्पा चालू होत्या, खिडक्या बंद, आत मंद गार वारा, आणि माझ्या अंगाला साठ मैलांचा वेग जाणवत असताना काटा नव्वदावर होता. माझी जुनी गाडी नव्वदावर गेली असती तर तिने हातांना, पायांना, कानांना, नाकाला, सगळ्यांना ओरडून सांगितले असते. जुन्या गाडीत भीती कारखान्यातूनच बसवून येई, आणि ती चालवणाऱ्याला आपोआप शहाणे करी. नव्या गाडीत ती कुणी बसवलेली नाही, ती तुला आपल्या घरून न्यावी लागेल. सामर्थ्य दुपटीने वाढले आणि इशारे मात्र निम्म्यावर आले, एवढाच माझा तिच्यावर आक्षेप आहे, पण तो मोठा आहे.

म्हणून तू जुनी गाडी घे असे मी म्हणणार नाही. तुझी नोकरी नवी, घर भाड्याचे, गॅरेज नाही. जुन्या गाडीला माणसाचा वेळ लागतो आणि तो तुझ्याकडे नाही. चॅलेंजर घे. २०२३ च्या डिसेंबरात ब्रॅम्पटनच्या कारखान्यातून शेवटची बाहेर पडली, तेव्हा अशी गाडी पुन्हा तयार मिळायची नाही, हेही खरे. मात्र बयाण्याआधी विम्याचा हप्ता लेखी मागून घे; मिशिगनमध्ये तो डोळे पांढरे करील. टायर उन्हाळी असतील तर पहिल्या थंडीआधी बदल, कारण गार रस्त्यावर ते रबर दगडासारखे होते. आणि मे महिन्यापासून सप्टेंबरपर्यंत दर रविवारी सकाळी माझ्या गॅरेजात ये. जीटीओ तू चालवायचीस, पॉइंट तू लावायचेस, ब्रेकचे ड्रम तू उघडायचेस. मी बाजूला खुर्ची टाकून बसेन.

एक गोष्ट राहिली. हेलकॅटला दोन चाव्या येतात. काळ्या चावीने इंजिन ५०० अश्वशक्तीपुढे जात नाही, आणि पूर्ण ७०७ हवे असतील तर लाल चावी लागते. गाडी ताब्यात घेशील त्या दिवशी आईला नमस्कार कर, आणि येताना लाल चावी माझ्याकडे घेऊन ये. जीटीओच्या चावीशेजारी, दाराजवळच्या खिळ्यावर ती राहील. कधी परत द्यायची ते मी ठरवणार नाही. तू एखाद्या रविवारी, पॉइंट लावता लावता, स्वतःहून मागशील तेव्हा देईन.

तुझा,
मामा