मधुमेही पायाची जखम आणि शस्त्रक्रिया

मधुमेह हा शहरातील बैठ्या लोकांचा विकार, ही समजूत चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनभागातही आता सोडून द्यावी लागेल. धानाच्या बांधीत दिवसभर अनवाणी उभे राहायचे, मोहफुलांसाठी जंगल तुडवायचे, हा येथील जीवनक्रम. अशा पायाला काटा लागणे नवीन नाही. परंतु साखर अनेक वर्षे वाढलेली राहिली की मज्जातंतू निकामी होऊ लागतात आणि काटा रुतल्याचे कळतच नाही.

दुखत नाही म्हणून दवाखाना लांबतो, आणि तेथेच घात होतो. तळपायातील स्नायू व कंडरा बंदिस्त कप्प्यांत असतात. बोटाशी झालेला पू कंडरांच्या वाटेने टाचेकडे सरकतो. वरची कातडी मात्र कधी कधी जेमतेम लाल दिसते. आतल्या दाबाने रक्तवाहिन्या दबून मांस कुजते. ताप येतोच असे नाही. पायाची सूज, दुर्गंधी, साखर एकाएकी भडकणे, एवढ्या खुणा पुरेशा समजाव्यात.

अशा वेळी केवळ प्रतिजैविकांनी भागत नाही. जेथे रक्त पोहोचत नाही तेथे औषधही पोहोचत नाही. आधी साखर उतरवू, मग चिरू, हा विचारही घातक आहे, कारण पू निघाल्यावाचून साखर सहसा आटोक्यात येत नाही. इन्शुलिन व सलाईन चालू ठेवून शल्यचिकित्सक तातडीने कप्पे उघडतात, मृत मांस व कुजलेले हाड काढतात आणि जखम न शिवता उघडी ठेवतात. पुढे गरजेप्रमाणे ती पुन्हा साफ केली जाते. पावलाची नाडी लागत नसेल तर रक्तपुरवठ्यावरही उपचार करावे लागतात. कधी एखादे बोट काढावे लागते. येथे कुटुंबीय बिचकतात. परंतु बोट वेळीच काढल्याने पुष्कळदा पाय वाचतो. चंद्रपूर येथे २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

बधिर पाय या भूमीला अपरिचित नाही. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळ आनंदवन उभे राहिले. कुष्ठरुग्णाच्या तळव्याचे व्रण बधिर भागावरील दाबाने व इजेने होतात, हे वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखविले. पुढे अमेरिकेत हेच ज्ञान मधुमेहींच्या कामी आले. कुष्ठरुग्णांसाठीची मऊ एम.सी.आर. रबराची चप्पल मधुमेहींनाही उपयोगी पडते. बांधीच्या चिखलात ती टिकत नाही, हे खरेच. म्हणून रोवणीच्या दिवसांत रोज संध्याकाळी पाय धुऊन घरातील कोणीतरी तळवे व बोटांच्या बेचक्या उजेडात न्याहाळाव्यात.