पंखा थांबत का नाही?

प्रश्न : नोएडात वरच्या मजल्यावर राहते. जुन्या लॅपटॉपवर उबुंटू टाकल्यापासून त्याचा पंखा थांबतच नाही. दोष लिनक्सचा की इथल्या उन्हाळ्याचा?

उत्तर : बराचसा उन्हाळ्याचा, पण लिनक्सला साफ सोडता येत नाही.

लॅपटॉपचा पंखा हवा गार करत नाही, खोलीतलीच हवा चिपची उष्णता वाहून नेणाऱ्या धातूच्या पात्यांमधून ढकलतो. त्यामुळे खोली २५ वरून ४० अंशांवर गेली की तेवढ्याच कामाला चिपही साधारण १५ अंशांनी चढते. मे २०२४ मध्ये दिल्लीतल्या सफदरजंगला ४६.८ अंशांची नोंद झाली. अशा दिवशी गच्चीखालच्या खोलीत पंख्याने करायचं तरी काय?

आधी मोजा. ‘एलएम-सेन्सर्स’ टाकून टर्मिनलमध्ये ‘सेन्सर्स’ असं द्या. इंटेलची चिप असेल तर ‘पॅकेज’ची ओळ बघा, एएमडीची असेल तर ‘टीसीटीएल’ची. बाकीच्या काही ओळी जोडलेल्याच नसलेल्या सेन्सरच्या असतात. (सेन्सर चुकतातही: मे २०२४ मध्येच दिल्लीतल्या मुंगेशपूरला ५२.९ अंश दिसले होते, तपासणीत तो सेन्सर ३ अंश जास्त दाखवणारा निघाला.) काम नसताना आकडा साठीत असेल तर उन्हाळ्यात घाबरू नका. शंभरीजवळ गेला की बहुतेक चिपा स्वतःच वेग कमी करतात.

आता लिनक्सचा वाटा. एनव्हिडियाचं वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर ते विनाकारण जागं राहू शकतं. एनव्हिडियाचा ड्रायव्हर असल्यास ‘प्राइम-सिलेक्ट’ या आज्ञेने ते बंद ठेवता येतं. ब्राउझरमधल्या व्हिडिओचा भार ग्राफिक्सऐवजी प्रोसेसरवर पडत असेल, तर तोही तापवतो. पंख्याचा वेग मात्र बहुतेक लॅपटॉपांत मदरबोर्डवरची वेगळी चिप ठरवते. म्हणून पंख्याचा वेग बदलणाऱ्या ‘फॅनकंट्रोल’च्या नादी लागू नका. पंखा ओरडतोय म्हणजे काम करतोय.

तुमचा लॅपटॉप जुना आहे, म्हणून माझा पहिला संशय धुळीवर. इथली आंधी एकदा येऊन गेली की खिडक्या लावूनही घरभर धूळ असते, आणि ती पंखा आणि पात्यांच्या मध्ये गोधडीसारखी बसते. कुठलीही आज्ञा देऊन ती निघत नाही. दिल्लीतल्या नेहरू प्लेसच्या संगणक बाजारात नेऊन साफ करून घ्या, थर्मल पेस्टही बदला. ब्लोअर मारताना पंखा धरून ठेवायला सांगा, नाहीतर तो बेफाम फिरून बेअरिंग जातं.

आणि खोलीतला पाण्याचा कूलर? कोरड्या मे महिन्यात जरूर लावा, फक्त तुषार लॅपटॉपवर येणार नाहीत इतका लांब. जुलैत हवा दमट झाली की त्याचा फारसा उपयोग नाही. तेव्हा जड कामं रात्री करा.